सोलापूर ते शिजियाझुआंग

कंपनीच्या एका प्रोजेक्टसाठी मी चार महिने बीजिंगला होतो. पहिल्या आठवड्यात माझे जे हाल झाले ते विचारू नका! मेनू कार्ड वाचता येईना, टॅक्सीवाल्याला पत्ता सांगता येईना, भाजी म्हणून मागवलं त्यात खिमा निघाला. रोज रात्री सोलापूरला फोन करून मी तक्रारींचा पाढा वाचायचो. एकदा बाबा ऐकून घेऊन शांतपणे म्हणाले, की आपल्या कोटणीसांनी तिथे काय केलं असेल, याचा जरा विचार कर.

शाळेत धडा होता, शांतारामबापूंच्या १९४६ च्या सिनेमाचं नाव माहीत होतं. बस्स, तेवढंच. मग वाचायला घेतलं.

द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१० चा. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. जपानने चीनवर आक्रमण केलं तेव्हा चीनकडून पंडित नेहरूंकडे मदतीची विनंती आली आणि १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि आपले कोटणीस. त्यांचं वय तेव्हा सत्तावीस! सप्टेंबरात मुंबईहून बोटीने निघाले ते परत येण्याच्या बोलीवरच.

चुंगकिंगला असताना त्यांना वडील गेल्याची बातमी कळली. घरी परतायला याहून मोठं कारण कुठलं? पण ते थांबले नाहीत, पथकाबरोबर येनानला गेले. १९३९ च्या सुरुवातीला तिथे पोचले. डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये राहायचं, कापूस भरलेला जाड गणवेश घालायचा आणि जेवायला बहुतेक राळ्याचा भात किंवा पेज. सोलापूरच्या उन्हात वाढलेला माणूस त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत रमला! पुढे ते थेट आघाडीमागच्या डोंगराळ भागात गेले. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता चिनी भाषा बोलायला-लिहायला शिकले, इतकी की तिथल्या विद्यार्थ्यांना चिनीतूनच शिकवू लागले. लोक त्यांना के दीहुआ म्हणत.

बाकीचे सहकारी एकेक करून परतले, कोटणीस मात्र राहिले. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथून इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचे प्रमुख झाले. त्याच वर्षी तिथल्या परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ, म्हणजे एका शब्दात भारत आणि चीन. पण तोवर त्यांना फिट्स येऊ लागल्या होत्या. तरी काम चालूच. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले. वय फक्त बत्तीस, मुलगा चार महिन्यांचाही नव्हता. तो मुलगाही पुढे १९६७ मध्ये, वैद्यकीचं शिक्षण घेत असतानाच वारला.

हे वाचून झालं त्याच सुमारास घरून फोन आला. बाबांची अँजिओप्लास्टी झाली होती, दोन दिवसांपूर्वी! मला काळजी नको म्हणून कोणी कळवलंच नाही. मी चिडलो, पण नक्की कोणावर ते मलाच कळेना. रविवारी उठलो आणि गाडी पकडून शिजियाझुआंगला गेलो. तिथल्या हुतात्म्यांच्या दफनभूमीत कोटणीसांची समाधी आहे, पुतळा आहे. जवळच काही शाळकरी मुलं उभी होती. मी खुणेने, मोडक्यातोडक्या चिनीत सांगितलं, की मी त्यांच्याच गावचा. त्यांच्या बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आपण परदेशी राहणारे सगळेच मनाची समजूत घालतो, की थांबणं भाग आहे. मीही घातली असती. पण तिथे उभं राहिल्यावर जमेना. कोटणीस थांबले ते ऑपरेशनच्या टेबलावरच्या माणसांसाठी. मी थांबलो होतो एका सॉफ्टवेअर रिलीजसाठी.

सोमवारी सकाळी रजेचा अर्ज टाकला. सोलापूरला पोचल्यावर बाबांना समाधीचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, आणि मग विचारलं, जेवलास का?