फक्त तीन वर्षं भारताचा आवाज झालेला लंडनचा मतदारसंघ आणि दादाभाई नौरोजी

दादाभाई नौरोजी ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले पहिले भारतीय, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण ते निवडून आले कुठून? त्यांना मतं दिली कोणी? कारण भारतात तर तेव्हा एकालाही ब्रिटिश संसदेसाठी मत देता येत नव्हतं.

उत्तर आहे सेंट्रल फिन्सबरी. लंडनच्या क्लार्कनवेल भागातला हा मतदारसंघ आज अस्तित्वात नाही. तो जेमतेम 33 वर्षं टिकला.

आधी दादाभाईंबद्दल. जन्म 4 सप्टेंबर 1825 चा, पारशी पुरोहिताच्या घरातला. ते चार वर्षांचे असताना वडील गेले. आई माणेकबाईंनी पोराला शिकवलं. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये ते गणिताचे प्राध्यापक झाले. तिथे प्राध्यापकाच्या जागेवर बसलेले ते पहिले भारतीय. 1849 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या, त्यात मराठी मुलींच्या शाळाही होत्या.

1855 मध्ये कामा कंपनीचे भागीदार म्हणून ते लंडनला गेले. व्यापार करता करता त्यांनी आकडे मांडायला घेतले. भारतातून किती पैसा बाहेर जातो आणि बदल्यात काय येतं, याचा तो हिशोब होता. भारत गरीब आहे कारण त्याची संपत्ती दरवर्षी इंग्लंडला वाहून जाते, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. हाच तो संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत.

पण आकडे दाखवायचे कोणाला? भारताचे निर्णय व्हायचे लंडनच्या संसदेत आणि तिथे भारताची एकही जागा नव्हती. मात्र एक फट होती. इंग्लंडमध्ये राहणारा भारतीय हा राणीचा प्रजाजन असल्यामुळे तिथली निवडणूक लढवू शकत होता. दादाभाईंनी नेमकी हीच फट धरली.

1886 मध्ये ते होलबर्नमधून लिबरल पक्षातर्फे उभे राहिले आणि मोठ्या फरकाने पडले. पारशी पगडी सोडून इंग्रजी टोपी घाला, असे सल्लेही त्यांना मिळाले होते. पुढे त्यांनी शेजारच्या सेंट्रल फिन्सबरीकडे मोर्चा वळवला.

हा मतदारसंघ 1885 च्या फेररचनेत जन्मला होता. आधी फिन्सबरी हा दोन खासदार देणारा मोठा मतदारसंघ होता, तो फोडून छोटे मतदारसंघ केले गेले. क्लार्कनवेल म्हणजे घड्याळं बनवणारे, सोनार, छापखान्यातले कामगार यांची वस्ती. सभा, मोर्चे, चळवळी हे तिथलं रोजचं. राजवाड्यापेक्षा कारखान्याच्या जवळचा भाग म्हणा ना! पण मताचा हक्क अटीत बसणाऱ्या पुरुषांनाच होता. बायकांना नव्हता आणि गरीब पुरुषांपैकीही अनेकांना नव्हता.

इथे दादाभाईंना आधी स्वतःच्याच पक्षाशी झगडावं लागलं. 1888 मध्ये उमेदवारी मिळाली, पण पक्षातल्या एका गटाने रिचर्ड ईव्ह यांना पुढे केलं आणि हा वाद काही वर्षं चालला. त्यात पगाराचा प्रश्न होताच. खासदारांना 1911 पर्यंत पगार नव्हता, त्यामुळे उमेदवाराला सगळा खर्च स्वतःच उभा करावा लागे.

याच काळात पंतप्रधान लॉर्ड सॅलिस्बरी यांनी त्यांची मोठी मदत केली, अर्थात नकळत. नोव्हेंबर 1888 मध्ये एडिंबराच्या सभेत ते होलबर्नच्या निकालाबद्दल बोलले. इंग्रज मतदार एका काळ्या माणसाला निवडून देण्याइतके पुढे गेलेले नाहीत, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. झालं, गदारोळ उठला. पेपरांमध्ये टीका झाली. दादाभाई गोरेपान होते, त्यामुळे सॅलिस्बरींची थट्टाही झाली. ज्या माणसाचं नाव लोकांना उच्चारता येत नव्हतं, तो रातोरात देशभर माहीत झाला.

जुलै 1892 मध्ये मतदान झालं. समोर होते कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे विद्यमान खासदार कॅप्टन पेंटन. जवळचा पेंटनव्हिल भाग ज्या घराण्याच्या नावाने ओळखला जातो, त्याच घराण्यातले. मतं पडली सहा हजारांच्या आत आणि दादाभाईंची आघाडी एका हाताच्या बोटांवर मोजता येईल एवढीच होती. इंग्रजांनी नौरोजी या नावाचं नॅरो-मेजॉरिटी करून टाकलं. पण जिंकले ते जिंकलेच. वयाच्या 66 व्या वर्षी त्यांनी अवेस्तावर हात ठेवून शपथ घेतली.

मग या एका जागेचा उपयोग काय झाला?

त्यांच्यावर दुहेरी जबाबदारी होती. मतं दिली क्लार्कनवेलच्या काही हजारांनी आणि वाट बघत होते 28 कोटी भारतीय. दादाभाईंनी आयर्लंडच्या स्वराज्याला आणि स्त्रियांच्या मतदानाला पाठिंबा दिला. आणि भारताचा विषय सोडला नाही. आयसीएसची परीक्षा तेव्हा फक्त इंग्लंडमध्ये व्हायची. ती भारतातही एकाच वेळी घ्यावी असा ठराव 2 जून 1893 रोजी सभागृहात आला. हर्बर्ट पॉल यांनी तो मांडला आणि तो 84 विरुद्ध 76 मतांनी मंजूर झाला. सरकारने मात्र तो अमलात आणलाच नाही. ही परीक्षा भारतात सुरू व्हायला 1922 उजाडलं. आज यूपीएससीचा फॉर्म भरणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवायला हरकत नाही.

1895 च्या निवडणुकीत लिबरल पक्षाचा धुव्वा उडाला आणि दादाभाईही पडले. पण त्याच वर्षी भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगावर त्यांची नेमणूक झाली. 1897 मध्ये याच आयोगासमोर पुण्याहून गेलेल्या तरुण गोपाळ कृष्ण गोखल्यांनी साक्ष दिली. 1901 मध्ये दादाभाईंचा सगळा हिशोब पुस्तकरूपात आला. 1906 मध्ये ते नॉर्थ लॅम्बेथमधून पुन्हा लढले आणि हरले. त्याच वर्षी कोलकाता काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्वराज्य हे ध्येय जाहीर केलं. तीन वर्षं संसदेत बसून, ठराव जिंकूनही हाती काही लागत नाही हे ज्याने पाहिलं, त्याच माणसाने ही मागणी केली, म्हणून तिला वजन होतं.

30 जून 1917 रोजी मुंबईत दादाभाई गेले. पुढच्याच वर्षी फेररचनेत सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघही रद्द झाला. आज हा भाग इझलिंग्टन साऊथ अँड फिन्सबरी मतदारसंघात येतो. क्लार्कनवेलमध्ये नौरोजी स्ट्रीट नावाची एक छोटी गल्ली मात्र अजून आहे.