सरकार पक्षाच्या बाकावर : यूनिस कार्टर

आपल्या समाजात वकील म्हटला की डोळ्यांसमोर उभा राहतो तो पीडिताची बाजू घेऊन शासनाशी भांडणारा वकील. परमपूज्य बाबासाहेबांच्या प्रेरणेने काळा कोट चढवलेल्या आमच्या पिढ्यांनी हीच वाट अधिक चोखाळली. सरकारच्या वतीने, पोलिसांनी तपास केलेला खटला चालवणाऱ्या वकिलाचे चरित्र आपल्या स्मरणिकांतून क्वचितच येते. वस्तुतः १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने विशेष न्यायालयांसाठी विशेष सरकारी अभियोक्त्यांची तरतूद केली ती उगीच नव्हे. फिर्याद टिकते की कोसळते, हे पुष्कळदा त्या एका माणसाच्या तयारीवर ठरते. यास्तव या अंकात आम्ही सातासमुद्रापलीकडच्या एका सरकारी वकिलाचा जीवनपट वाचकांपुढे ठेवीत आहोत.

यूनिस रॉबर्टा हंटन यांचा जन्म १६ जुलै १८९९ रोजी अमेरिकेतील अटलांटा शहरी झाला. त्यांचे आजोबा गुलामीत जन्मले होते आणि त्यांनी स्वतःचे स्वातंत्र्य पैसे मोजून विकत घेतले होते. वडील विल्यम हंटन यांनी कृष्णवर्णीय तरुणांच्या संघटनेत आयुष्य वेचले. आई ॲडी हंटन या तर चळवळीतच वावरणाऱ्या. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये कृष्णवर्णीय सैनिकांच्या सेवेसाठी गेलेल्या मोजक्या स्त्रियांपैकी त्या एक. १९०६ साली अटलांटात गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली. कायद्याने त्यांचे रक्षण केले नाही. हंटन कुटुंबाने शहर सोडले आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात बिऱ्हाड केले. सात वर्षांची ही मुलगी त्या स्थलांतरातून गेली, हे पुढचे सारे वाचताना विसरता येत नाही.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी याच न्यूयॉर्कमध्ये उतरले, तेव्हा यूनिस शाळकरी वयाच्या होत्या. दोघांची गाठ पडल्याची नोंद नाही. नुसत्या कालसाम्यावरून नाते जोडण्याचा मोह आम्ही आवरतो.

स्मिथ महाविद्यालयातून चार वर्षांत बी. ए. आणि एम. ए. या दोन्ही पदव्या घेऊन त्या १९२१ साली बाहेर पडल्या. पुढे समाजकार्य, दंतवैद्य लाइल कार्टर यांच्याशी विवाह, एक मुलगा. संसार आणि नोकरी सांभाळीत त्यांनी फोर्डहॅम विद्यापीठात सायंकाळच्या वर्गांना बसून कायद्याचा अभ्यास केला व १९३२ साली पदवी मिळवली. त्या विद्यापीठाची कायद्याची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. नोकरी करून शिकणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांच्या सिद्धार्थ महाविद्यालयात सकाळच्या वर्गांना धावत गेलेल्या आमच्या ज्येष्ठांना सांगावयास नको.

१९३४ साली त्या राज्य विधिमंडळाची निवडणूक लढल्या आणि हरल्या. मार्च १९३५ मध्ये हार्लेम वस्तीत दंगल उसळली. तिची कारणे शोधण्यासाठी महापौर ला ग्वार्डिया यांनी नेमलेल्या आयोगाच्या त्या सचिव झाल्या. याच सुमारास शहराच्या महिला न्यायालयात सरकार पक्षाच्या साहाय्यक म्हणून त्यांच्याकडे वेश्याव्यवसायाचे खटले येऊ लागले. कोणत्याही वकिलाला हे काम कंटाळवाणे आणि कमीपणाचे वाटावे. कार्टर बाईंनी मात्र कागद नीट वाचले. वेगवेगळ्या भागांत पकडलेल्या स्त्रियांसाठी येणारे वकील मोजके, जामीनदार ठरावीक, स्त्रियांनी सांगितलेली हकीकतही जवळपास एकच. आणि अशा खटल्यांत निकाल बहुधा सुटकेचा. सुट्या धंद्यात इतकी शिस्त कोठून यावी? कोणी तरी वरून हा सारा कारभार चालवीत असले पाहिजे, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

त्याच वर्षी टॉमस ड्युई यांची संघटित गुन्हेगारीविरुद्ध विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली. त्यांनी वीस साहाय्यक निवडले. त्यांत स्त्री एकच आणि कृष्णवर्णीयही एकच, ती म्हणजे यूनिस कार्टर. खून, खंडणी यांसारखे भारदस्त तपास पुरुष सहकाऱ्यांकडे गेले. नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याचे काम बाईंच्या वाट्याला आले. या तक्रारींची सांगड त्यांनी महिला न्यायालयातील नोंदींशी घातली. वेश्याव्यवसायाच्या मागे लागून आपली मोहीम हास्यास्पद होईल, अशी ड्युई यांना धास्ती होती. सहकारी मरे गरफाइन यांना सोबत घेऊन बाईंनी त्यांचे मन वळवले. टेलिफोनवर पाळत बसली. जामिनाच्या संरक्षणाच्या नावाखाली स्त्रियांकडून आठवड्याला वसूल होणाऱ्या पैशाची वाट हळूहळू उलगडली.

१ फेब्रुवारी १९३६ च्या रात्री एकाच वेळी शहरभर छापे पडले. अनैतिक धंद्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नेहमीच्या पथकाला यातून मुद्दाम वगळले होते, कारण त्यातील कित्येकांचे हात ओले असत. इतर पोलिसांनाही बंद पाकिटातले हुकूम ऐनवेळी मिळाले. शंभराच्या आसपास माणसे ताब्यात आली. ठरलेला वकील आणि जामीनदार या वेळी कामी आले नाहीत. जबाब मिळत गेले आणि माग टोळीप्रमुख चार्ल्स 'लकी' लुचियानो याच्यापर्यंत पोहोचला. १ एप्रिल रोजी तो आर्कान्सा राज्यात पकडला गेला. ७ जून १९३६ रोजी ६२ आरोपांवर तो दोषी ठरला आणि त्यास ३० ते ५० वर्षांची शिक्षा झाली.

येथे दोन गोष्टी आम्हाला खटकतात. ज्या स्त्रियांच्या साक्षीवर हे यश उभे राहिले, त्यांना जबरदस्त रकमेच्या जामिनावर साक्षीदार म्हणून अडकवून ठेवले होते. कायद्याने ते बसत असेल. त्यात करुणा कमी होती. दुसरी गोष्ट अशी की, ज्यांच्या वाचनातून खटला जन्मला त्या बाईंना भर न्यायालयात तो चालवण्यास मिळाला नाही. कीर्ती ड्युईंच्या पदरी पडली. ते पुढे राज्यपाल झाले. त्याच ड्युईंनी १९४६ साली, महायुद्धात नौदलाला केलेल्या साहाय्याच्या कारणाने, लुचियानोची उरलेली शिक्षा माफ करून त्याला इटलीस धाडले.

ड्युई जिल्हा सरकारी वकील झाल्यावर कार्टर बाई त्यांच्या कार्यालयात आल्या आणि कनिष्ठ फौजदारी खटल्यांचा मोठा विभाग सांभाळू लागल्या. गोऱ्या वकिलांना एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या हाताखाली काम करावे लागणे, हे त्या काळी किती अपूर्व होते याची कल्पना आपण करू शकतो. १९४५ साली त्यांनी सरकारी नोकरी सोडली. पुढे खासगी वकिली, कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेचे काम आणि आंतरराष्ट्रीय महिला संघटनांत वावर, असे त्यांचे दिवस गेले.

न्यायाधीशपदाची त्यांना आस होती. ते आले नाही. धाकटे बंधू अल्फियस हंटन डाव्या विचारांचे, डॉ. डु बॉइस यांचे सहकारी. याच डु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. १९५१ साली अल्फियस तुरुंगात गेले. बहीण सरकार पक्षाची वकील, भाऊ सरकारचा कैदी! भावाच्या राजकारणाची किंमत बहिणीला मोजावी लागली, असे यूनिस यांच्या नातवाने त्यांच्या चरित्रात सुचवले आहे, आणि आम्हाला ते पटते. दोघांमधला दुरावा पुढे मिटला नाही. जानेवारी १९७० मध्ये अल्फियस आफ्रिकेत, झांबियाच्या लुसाका शहरात वारले. त्याच महिन्याच्या २५ तारखेला यूनिस कार्टर यांचे न्यूयॉर्कमध्ये निधन झाले.