स्वयंपाकघरातील प्रार्थना : ब्रदर लॉरेन्स



कुटुंबभेटीसाठी आम्ही घरोघरी जातो तेव्हा माताभगिनींची एक तक्रार हमखास ऐकू येते. पहाटे पाणी भरण्यापासून दिवस सुरू होतो. मग डबे, मुलांची शाळा, धुणी-भांडी, घरातल्या वृद्धांची औषधे. रात्री ओटा पुसून होतो तोवर डोळे मिटायला लागलेले असतात. अशा वेळी प्रार्थना करायची तरी कधी? तक्रार खरी आहे. ह्या रविवारी तिला उत्तर म्हणून आम्ही एका स्वयंपाक्याचे चरित्र सांगणार आहोत. डिसेंबर २०२५ मध्ये लेबनॉनहून रोमला परतताना पोप लिओ चौदावे यांनी विमानात पत्रकारांशी बोलताना आपल्या आध्यात्मिक जीवनाविषयी सांगितले आणि एका छोट्या पुस्तकाचे नाव घेतले. ते पुस्तक ह्याच स्वयंपाक्याच्या संभाषणांतून आणि पत्रांतून तयार झालेले आहे.

निकोला एर्मां याचा जन्म १६१४ च्या सुमारास लोरेन प्रांतात, लुनेव्हिलजवळच्या एरिमेनिल ह्या खेड्यात झाला. घरची परिस्थिती बेताची आणि शिक्षणही जेमतेमच. अठराव्या वर्षी, हिवाळ्यात, त्याला एक निष्पर्ण झाड दिसले. थोड्याच दिवसांत ह्याला पाने येतील, मग फुले, मग फळे, एवढाच विचार त्याच्या मनात आला. पण त्या विचारातून देवाच्या सामर्थ्याची आणि काळजीची जी जाणीव झाली, ती जन्मभर पुसली गेली नाही.

तरीही तो लगेच मठात गेला नाही. युरोपात तेव्हा तीस वर्षांचे युद्ध (१६१८ ते १६४८) पेटले होते. निकोला सैन्यात भरती झाला. जर्मन सैनिकांनी त्याला हेर समजून पकडले, फाशीची धमकी दिली आणि पुढे सोडून दिले. १६३५ मध्ये रांबेर्व्हिये येथे स्वीडिश सैन्याशी झालेल्या लढाईत तो जखमी झाला आणि कायमचा लंगडा झाला. सेमिनरीत आम्ही ज्या देकार्तचे तत्त्वज्ञान शिकलो, तोही ह्याच युद्धाच्या सुरुवातीला एका सैन्यात होता. त्याने विचार करून खात्रीच्या ज्ञानाचा पाया शोधला. निकोलाला युद्धातून एक अधू पाय मिळाला आणि सैनिकी जीवनातल्या पापांची टोचणी मिळाली.

पुढे त्याने काही काळ एकांतवास करून पाहिला, तो जमला नाही. मग एका मोठ्या सरकारी खजिनदाराकडे तो नोकर म्हणून राहिला. तेथे तो इतका वेंधळा ठरला की हातात घेतलेली वस्तू फुटलीच म्हणून समजावे! शेवटी १६४० मध्ये, सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास, त्याने पॅरिसमधील अनवाणी कार्मेलवासियांच्या मठाचे दार ठोठावले. मठात गेल्यावर आपल्या धांदरटपणाची चांगलीच शिक्षा मिळेल आणि तेच आपले प्रायश्चित्त होईल, अशी त्याची समजूत होती. देवाने आपल्याला फसवले, तेथे आनंदच मिळाला, असे तो पुढे गमतीने सांगत असे. १४ ऑगस्ट १६४२ रोजी पुनरुत्थानाचे ब्रदर लॉरेन्स या नावाने त्याने व्रते घेतली.

त्या काळी मठात दोन प्रकारचे लोक असत. धर्मगुरू लॅटिनमध्ये स्तोत्रे गात, अभ्यास करीत, प्रवचने देत. न शिकलेले ब्रदर स्वयंपाक, झाडलोट, शिवणकाम, बागकाम पाहत. ब्रदर लॉरेन्स यांच्या वाट्याला स्वयंपाकघर आले आणि पंधरा वर्षे राहिले. कार्मेलवासियांना मांस वर्ज्य. त्यामुळे मोठ्या मठासाठी रोज भाजी, कडधान्ये, मासे, अंडी यांचे रांधप, आणि नंतर भांड्यांचा ढीग. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ब्रदर लॉरेन्स यांना स्वयंपाकाची आवड नव्हती. उलट, स्वभावतःच त्या कामाचा तिटकारा होता, हे त्यांनी स्वतः सांगून ठेवले आहे. ज्यांना चुलीपुढे उभे राहण्याचा कंटाळा येतो त्यांनी त्याबद्दल मनाला लावून घेऊ नये.

मग त्यांनी केले काय? आम्ही धर्मगुरू घरकामावर प्रवचन देतो तेव्हा बहुधा रूपके शोधतो: झाडू मारताना मनातला केर काढावा, कपडे धुताना पापांचे डाग आठवावेत. वाईट काहीच नाही; पण रोज तिसाव्या भांड्यापर्यंत असे रूपक टिकत नाही. ब्रदर लॉरेन्स कांद्यात किंवा केरात अर्थ शोधत बसले नाहीत. देव येथे, ह्या स्वयंपाकघरात, आपल्या शेजारी आहे, एवढे मानून ते कांदा चिरता चिरता त्याच्याशी बोलत. काम सुरू करताना मदत मागायची, मध्येमध्ये दोन शब्द बोलायचे, काम झाले की आभार मानायचे. तव्यावरचे ऑम्लेट उलटायचे तेही देवाच्या प्रीतीसाठी, आणि जमिनीवरची काडी उचलायची तीही त्याच्यासाठीच. काम नीट झाले नाही तर ते देवापुढे कबूल करीत, तू सोडून दिलेस तर माझ्या हातून असेच होणार असे त्याला सांगत आणि पुढच्या कामाला लागत. चूक चघळत बसणे त्यांना ठाऊक नव्हते.

हे एका दिवसात साधले नाही. मठातली पहिली दहाएक वर्षे फार कठीण गेली. जुनी पापे डोळ्यांपुढे येत. आपला नाश ठरलेलाच आहे, असे त्यांना वर्षानुवर्षे वाटत राहिले. मन पुन्हा पुन्हा भरकटे आणि ते पुन्हा पुन्हा त्याला परत आणत. अखेर, हा त्रास जन्मभर राहिला तरी देवावर प्रेम करीत राहायचे, असे त्यांनी ठरवले. त्यानंतर एकाएकी अंतःकरणात जी शांती आली, ती राहिली. तीही अशी की प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळेत आणि स्वयंपाकघराच्या गडबडीत त्यांना फरक वाटेनासा झाला. (म्हणून त्यांनी ठरलेली प्रार्थना सोडली नाही. रविवारच्या मिस्साला न येण्याचे कारण म्हणून त्यांचे नाव कोणी सांगू नये!) आणि हेही सांगायला हवे की हे सारे एका पुरुषाचे चरित्र आहे. पत्रक घरी नेल्यावर ते फक्त पत्नीच्या हाती देऊन आपण टीव्हीपुढे बसणाऱ्यांसाठी हे लिहिलेले नाही.

पायाची जखम चिघळली तेव्हा त्यांना बसून करण्याचे, मठवासियांच्या चपला तयार करण्याचे काम देण्यात आले. मधूनमधून द्राक्षारस खरेदीसाठीही पाठवले जाई. १६६६ साली ते बर्गंडीला गेले. व्यवहार कळत नव्हता आणि पाय चालत नव्हता. बोटीत पिंपांवरून गडगडतच इकडून तिकडे जावे लागे. काम तुझे आहे असे देवाला सांगून ते गेले आणि खरेदी ठीक झाली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जोझेफ द बोफोर हे धर्मगुरू त्यांना पहिल्यांदा भेटले. शिकलेले लोक ह्या अशिक्षित ब्रदरकडे येऊ लागले होते. फेनलॉन, जे पुढे कांब्रेचे आर्चबिशप झाले, तेही ब्रदर आजारी असताना भेटून गेले. १२ फेब्रुवारी १६९१ रोजी, सोमवारी, ब्रदर लॉरेन्स देवाघरी गेले. अखेरच्या आजारात काय करीत आहात असे विचारल्यावर, जे अनंतकाळ करणार आहे तेच, म्हणजे देवाची स्तुती आणि त्याच्यावर प्रेम, असे त्यांनी सांगितले.

बोफोर यांनी १६९२ आणि १६९४ मध्ये त्यांची वचने, पत्रे आणि संभाषणे छापली. पुढे फ्रान्समध्ये निष्क्रियवादाचा वाद उठला. आत्म्याने काहीच न करता देवात स्वस्थ पडून राहावे, अशी ती शिकवण होती. १६९९ मध्ये फेनलॉन यांच्या पुस्तकातील मते रोमने निषिद्ध ठरवली. त्यांनी ब्रदर लॉरेन्स यांचा आधार घेतला होता, त्यामुळे ब्रदरही संशयाच्या सावलीत आले. ज्या माणसाचे हात कधी रिकामे नव्हते, त्याच्यावर निष्क्रियतेचा संशय यावा ही गंमतच! जवळजवळ दोन शतके त्यांना आपल्यापेक्षा प्रॉटेस्टंट बांधवांनीच अधिक वाचले. आजही ते घोषित संत नाहीत.

पुस्तक इंग्रजीत सहज मिळते आणि लहान आहे. भाकरी भाजून झाल्यावर रोज एक पान वाचले तरी पुरे. ज्यांना हवे असेल त्यांनी मिस्सानंतर धर्मगुरुनिवासात विचारावे.