छोट्या पक्षाचा उमेदवार आणि ठाण्याचा खासदार : रामभाऊ म्हाळगी

ठाणे, प्रतिनिधी

माजिवड्याहून घोडबंदर रोडने काशिमीऱ्याकडे निघालेल्या गाड्यांपैकी काही पुढे भाईंदरमार्गे उत्तनला जातात. तेथील केशवसृष्टीतील रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीचे नाव सर्वपक्षीय कार्यकर्त्यांना परिचित आहे. मात्र ज्यांचे नाव या संस्थेला दिले, ते एकेकाळी याच ठाण्याचे खासदार होते, हे रस्त्याच्या दुतर्फा उभ्या राहिलेल्या संकुलांतील नव्या रहिवाशांना क्वचितच ठाऊक असते. निवडणूक अटीतटीची असताना छोट्या पक्षाला दिलेले मत वाया जाते का, हा प्रत्येक निवडणुकीत नव्याने विचारला जाणारा प्रश्न म्हाळगी यांच्या वाट्याला उमेदवार म्हणून आयुष्यभर आला.

रामचंद्र काशिनाथ म्हाळगी यांचा जन्म ९ जुलै १९२१ रोजी पुणे जिल्ह्यातील कडूस येथे झाला. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे काम करीत त्यांनी वकिलीची पदवी घेतली. १९५१ मध्ये भारतीय जनसंघाची स्थापना झाल्यावर महाराष्ट्रात पक्षबांधणीची जबाबदारी त्यांच्यावर आली. तो काळ काँग्रेसच्या निर्विवाद वर्चस्वाचा होता. विरोधकांची जागा समाजवादी, कम्युनिस्ट आणि शेतकरी कामगार पक्षाने व्यापली होती. जनसंघ त्यांच्याही मागे होता.

मतविभागणीचा धडा

१९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या झेंड्याखाली विरोधक एकत्र आले. परस्परांशी वैचारिक वैर असलेल्या पक्षांनी जागा वाटून घेतल्या आणि म्हाळगी मावळमधून विधानसभेवर निवडून आले. राज्य स्थापन झाल्यावर ही एकजूट विरली. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला मिळाल्या आणि जनसंघाला एकही मिळाली नाही. सर्वाधिक मते मिळवणारा एकच उमेदवार विजयी ठरणाऱ्या आपल्या पद्धतीत विखुरलेल्या मतांचे काय होते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

त्यानंतरचा प्रवास संथ होता. १९६७ मध्ये जनसंघाचे चार आमदार निवडून आले, तर १९७२ मध्ये पाच. दोन्ही वेळा पुण्याच्या शुक्रवार पेठेतून म्हाळगी विजयी झाले. २७० जणांच्या सभागृहात चार-पाच आमदार सरकार पाडू शकत नाहीत आणि बनवूही शकत नाहीत. मग मतदाराला काय मिळाले? म्हाळगी यांनी त्याचे उत्तर कामातून दिले. वर्षभरात आपण काय केले, याचा छापील अहवाल ते मतदारांपुढे ठेवीत. लोकप्रतिनिधीने दरवर्षी हिशेब द्यावा, ही प्रथा त्या काळी नवीन होती.

ठाण्याचा कौल

आणीबाणीत त्यांना येरवडा तुरुंगात स्थानबद्ध करण्यात आले. १९७७ मध्ये जनता पक्षाने त्यांना ठाण्यातून लोकसभेची उमेदवारी दिली. कल्याण, डोंबिवली तेव्हा याच मतदारसंघात होते, आणि घोडबंदर रोड म्हणजे ओवळा, कासारवडवली, वाघबीळ अशा गावांतून जाणारा शेतांमधला रस्ता होता. या वेळी विरोधकांनी मतविभागणी टाळली. ठाण्यात जनता पक्ष, शेजारच्या डहाणूत मार्क्सवादी आणि कुलाब्यात शेकाप विजयी झाला. राज्यातील ४८ पैकी काँग्रेसला २०, जनता पक्षाला १९, शेकापला ५, मार्क्सवाद्यांना ३ आणि रिपब्लिकन पक्षाला १ जागा मिळाली. छोट्या पक्षांच्या नऊ जागांनीच पारडे झुकवले.

खरी कसोटी १९८० मध्ये लागली. जनता पक्ष फुटला होता, केंद्रातील सरकार कोसळले होते. काँग्रेस (आय) ला देशात ३५३ आणि महाराष्ट्रात ३९ जागा मिळाल्या. फुटीनंतर उरलेल्या जनता पक्षाने देशभरात ३१ जागा जिंकल्या. त्यांतील आठ महाराष्ट्रातील होत्या आणि त्या सर्व मुंबई, ठाणे व कोकणातील होत्या. ठाण्यात म्हाळगी पुन्हा विजयी झाले. देशाचा कल स्पष्ट दिसत असतानाही येथील बहुसंख्य मतदार त्या लाटेबरोबर गेले नाहीत.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्थापन झालेल्या भारतीय जनता पक्षात ते गेले. मात्र त्या पक्षाचा पुढील विस्तार पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ६ मार्च १९८२ रोजी, खासदार असतानाच त्यांचे निधन झाले. ठाणे महानगरपालिका त्यानंतर सात महिन्यांनी अस्तित्वात आली.

म्हाळगी यांची विचारसरणी सर्वांना मान्य होती असे नाही, आजही नाही. परंतु त्यांच्या निवडणुकांचा आलेख दोन्ही बाजूंना विचार करायला लावतो. मत फुकट घालवू नका असे सांगणाऱ्यांच्या बाजूने १९६२ चा निकाल साक्ष देतो. मनाला पटेल त्यालाच मत द्या म्हणणाऱ्यांच्या बाजूने १९६७ आणि १९७२ ची शुक्रवार पेठ उभी आहे. १९५७ आणि १९७७ मध्ये मात्र मतदारावर ही निवड करण्याची वेळच आली नाही, कारण ते ओझे पक्षांनी आधीच आपसात वाटून घेतले होते. जेथे पक्ष हे करीत नाहीत, तेथे मतदान केंद्रात एकट्या मतदाराला ते उचलावे लागते. अशा वेळी उमेदवाराने गेल्या पाच वर्षांचा हिशेब दिला आहे काय, एवढे तरी त्याला विचारता येते.