होमर डेव्हनपोर्ट

होमर कॅल्व्हिन डेव्हनपोर्ट (८ मार्च १८६७ – २ मे १९१२) हे अमेरिकन राजकीय व्यंगचित्रकार, लेखक व अश्वपालक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील सर्वाधिक गाजलेल्या व्यंगचित्रकारांमध्ये त्यांची गणना होत असे. इ.स. १९०६मध्ये त्यांनी ऑटोमन साम्राज्यातून २७ अरबी घोडे अमेरिकेत आणले. या घोड्यांच्या नोंदणीवरून निर्माण झालेल्या वादातून १९०८ साली अरेबियन हॉर्स क्लब ऑफ अमेरिका ही संस्था स्थापन झाली. डेव्हनपोर्ट तिच्या पाच संस्थापकांपैकी एक होते.

प्रारंभिक जीवन

डेव्हनपोर्ट यांचा जन्म अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील सिल्व्हरटन गावाजवळ वाल्डो हिल्स येथे झाला. त्यांचे वडील टिमोथी वुडब्रिज डेव्हनपोर्ट हे ओरेगनच्या सार्वजनिक जीवनातील परिचित व्यक्ती होते. आई फ्लोरिंडा या व्यंगचित्रकार टॉमस नास्ट यांच्या चाहत्या होत्या आणि आपल्या मुलानेही तोच मार्ग धरावा, अशी त्यांची इच्छा होती. होमर अवघे तीन वर्षांचे असताना देवीच्या रोगाने आईचा मृत्यू झाला. वडिलांनी मात्र पत्नीची इच्छा लक्षात ठेवून मुलाच्या चित्रकलेला प्रोत्साहन दिले. कलेचे औपचारिक शिक्षण त्यांना फारसे मिळाले नाही. घोडे व पक्षी यांची चित्रे काढण्याचा छंद त्यांना बालपणापासून होता.

वृत्तपत्रात स्थिरावण्यापूर्वी त्यांनी घोडेस्वार, रेल्वे इंजिनावरील कामगार आणि सर्कशीतील विदूषक अशी निरनिराळी कामे केली.

व्यंगचित्रकार म्हणून कारकीर्द

पोर्टलंड, सॅन फ्रान्सिस्को व शिकागो येथील वृत्तपत्रांत काम केल्यानंतर डेव्हनपोर्ट हे विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या सेवेत आले. १८९५मध्ये हर्स्ट यांनी न्यू यॉर्क जर्नल हे वृत्तपत्र विकत घेतले व डेव्हनपोर्ट यांना न्यू यॉर्कला आणले. १८९६च्या अध्यक्षीय निवडणुकीत विल्यम मॅकिन्ली यांचे प्रचारप्रमुख मार्क हॅना यांना त्यांनी डॉलरच्या चिन्हांनी भरलेला पोशाख घातलेला धनदांडगा म्हणून रेखाटले. ही चित्रमालिका देशभर गाजली. पुढच्याच वर्षी न्यू यॉर्कच्या विधिमंडळात व्यंगचित्रांवर निर्बंध आणणारे विधेयक मांडले गेले. ते मंजूर झाले नाही.

१९०४मध्ये ते रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेल्या न्यू यॉर्क इव्हनिंग मेल या वृत्तपत्रात गेले. अंकल सॅम हे थिओडोर रूझवेल्ट यांच्या खांद्यावर विश्वासाने हात ठेवून उभे असल्याचे त्यांचे चित्र त्या वर्षीच्या निवडणुकीत मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. पुढे अरबस्तानी घोड्यांच्या शोधात निघताना त्यांना रूझवेल्ट यांचे पाठबळ उपयोगी पडले.

अरबी घोड्यांकडे ओढा

१८९३ साली शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हमीदिये नावाच्या मंडळीने ऑटोमन सिरियातून ४५ अरबी घोडे आणले होते. डेव्हनपोर्ट तेव्हा शिकागोतील एका वृत्तपत्रात नोकरीस होते व ते घोडे पाहण्यासाठी वारंवार प्रदर्शनात जात असत. त्या मंडळीचा उपक्रम आर्थिकदृष्ट्या बुडाला, काही घोडे आगीत दगावले आणि उरलेल्यांचा लिलाव झाला. पुढील वर्षांत डेव्हनपोर्ट यांनी यांपैकी काही घोड्यांचा माग काढून ते मिळवले. न्यू जर्सीतील मॉरिस प्लेन्स येथे त्यांनी घोडे व दुर्मीळ पक्षी पाळण्यास सुरुवात केली.

१९०६चा प्रवास

ऑटोमन साम्राज्यातून अरबी घोडे, विशेषतः घोडी, बाहेर नेण्यावर कडक निर्बंध होते. रूझवेल्ट यांच्या शिफारसपत्रामुळे डेव्हनपोर्ट यांना सुलतान दुसरा अब्दुल हमीद याचा निर्यात परवाना मिळाला. प्रवासाचा मोठा आर्थिक भार मॅसॅच्युसेट्समधील उद्योजक व अश्वपालक पीटर ब्रॅडली यांनी उचलला.

अलेप्पो येथे पोहोचल्यावर डेव्हनपोर्ट यांनी गव्हर्नरच्या आधी बदाऊनी टोळ्यांशी व्यवहार पाहणारे अहमद हाफेज यांची भेट घेतली. या मानाने संतुष्ट होऊन हाफेज यांनी त्यांना वद्दूदा ही नामांकित घोडी भेट दिली. ती पूर्वी अनझा टोळीचे शेख हाशेम बे यांची युद्धातील घोडी होती. गव्हर्नर नाझिम पाशा यांनी हालेब नावाचा घोडा भेट दिला. हाफेज यांच्या मदतीने डेव्हनपोर्ट वाळवंटातील टोळ्यांपर्यंत पोहोचले आणि ऑक्टोबर १९०६मध्ये २७ घोडे घेऊन अमेरिकेत परतले.

बदाऊनींमध्ये घोड्याचे कुळ आईवरून ठरते. कुहैलान, सक्लावी, हमदानी, हदबान, अबय्यान अशा कुळांची नावे घोडीकडून शिंगराकडे येतात. एखाद्या घोडीचे कुळ कोणते आणि तिच्यावर घातलेला घोडा कोणता, हे टोळीतील जाणत्यांना तोंडपाठ असते. अशा साक्षीवर विसंबून डेव्हनपोर्ट यांनी शुद्ध रक्ताचे घोडे निवडले. त्यासाठी हाफेज यांचे ज्ञान त्यांना मोलाचे ठरले.

नोंदणीचा वाद

त्या काळी अमेरिकेत अरबी घोड्यांची नोंद जॉकी क्लब ही शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांची संस्था करीत असे. थरोब्रेडची व्याख्याच नोंदवहीवर आधारलेली आहे. इंग्लंडमध्ये वेदरबी घराण्याने १७९३मध्ये जनरल स्टड बुक या वंशावळीच्या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. तेव्हापासून ज्याचे आई-बाप अशा ग्रंथात नोंदलेले आहेत तोच घोडा थरोब्रेड मानला जातो. चाल, बांधा वा वेग यांवरून त्याची जात ठरत नाही.

डेव्हनपोर्ट यांच्या घोड्यांची अडचण येथेच होती. घोडे निवडताना त्यांनी कुळाची कसून चौकशी केली होती. परंतु जॉकी क्लबला मान्य होईल अशी लेखी प्रतिज्ञापत्रे व दाखले जमा करावे लागतील, याची जाणीव त्यांना वाळवंटातून बाहेर पडेपर्यंत नव्हती. कागदोपत्री पुरावा नसल्याने जॉकी क्लबने या घोड्यांची नोंद करण्यास नकार दिला. ज्यांचे कुळ सिरियातील टोळ्यांना ठाऊक होते ते घोडे अमेरिकेत अशा रीतीने बेनोंद ठरले. अश्वपालकाच्या दृष्टीने हा निर्णय गंभीर होता. नोंद नसलेल्या घोडीच्या शिंगरालाही नोंद मिळत नाही, त्यामुळे पैदाशीची किंमत पिढ्यान्‌पिढ्या घटते.

दरम्यान, १९०७मध्ये हालेबने १९ मॉर्गन घोड्यांना मागे टाकून जस्टिन मॉर्गन चषक जिंकला. त्याच्या अंगच्या गुणांविषयी शंका उरली नाही. नोंदणीचा प्रश्न मात्र त्याने सुटण्यासारखा नव्हता.

यावर मार्ग म्हणून १९०८ साली डेव्हनपोर्ट, ब्रॅडली व इतर अश्वपालकांच्या पुढाकाराने अरेबियन हॉर्स क्लब ऑफ अमेरिका स्थापन झाला. १९०९मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाने क्लबच्या नोंदवहीला अरबी घोड्यांची अधिकृत राष्ट्रीय नोंदवही म्हणून मान्यता दिली. सुरुवातीच्या नोंदवहीत ७१ घोडे होते. पहिला क्रमांक नेजमे या शिकागो प्रदर्शनात आलेल्या घोडीला मिळाला. वाळवंटातून आणलेल्या घोड्यांनाही या नोंदवहीत स्थान मिळाले.

अखेरची वर्षे

१९०९मध्ये डेव्हनपोर्ट यांनी आपल्या प्रवासावर माय क्वेस्ट ऑफ द अरब हॉर्स हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी हालेबचा मृत्यू झाला. याच सुमारास ते पत्नी डेझी यांच्यापासून विभक्त झाले व त्यांची प्रकृती ढासळली. १९१०मध्ये त्यांचे बालपणाच्या आठवणींवरील द कंट्री बॉय हे पुस्तक आले. त्याच वर्षी त्यांनी इंग्लंडमधील लेडी अ‍ॅन ब्लंट व विल्फ्रिड ब्लंट यांच्या क्रॅबेट अश्वशाळेतून आणखी घोडे आयात केले. त्यांत अबू झैद हा घोडा होता.

एप्रिल १९१२मध्ये टायटॅनिक जहाज बुडाल्यानंतर, कार्पेथिया जहाजातून न्यू यॉर्क बंदरात येणाऱ्या वाचलेल्या प्रवाशांची चित्रे काढण्याचे काम त्यांच्याकडे होते. बंदरावरील थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला आणि २ मे १९१२ रोजी वयाच्या ४५व्या वर्षी न्यू यॉर्क येथे त्यांचे निधन झाले. सिल्व्हरटन येथे त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

डेव्हनपोर्ट यांनी आणलेल्या घोड्यांचे रक्त आज अमेरिकेतील बहुसंख्य अरबी घोड्यांच्या वंशावळीत आढळते. काही अश्वपालकांनी १९०६च्या आयातीतील घोड्यांचा वंश इतर रक्ताची सरमिसळ न करता जतन केला असून हे घोडे डेव्हनपोर्ट अरबी या नावाने ओळखले जातात.

त्यांच्या क्लबचे कार्य आज अरेबियन हॉर्स असोसिएशन ही संस्था पाहते. निरनिराळ्या देशांच्या नोंदवह्यांत मेळ घालण्यासाठी १९७०च्या दशकात जागतिक अरेबियन हॉर्स ऑर्गनायझेशनची स्थापना झाली. या संस्थेच्या व्याख्येनुसार, तिने मान्य केलेल्या एखाद्या नोंदवहीत ज्याची नोंद आहे तो घोडा शुद्ध अरबी होय. डेव्हनपोर्ट यांच्या घोड्यांना जो निकष आड आला होता, त्याच निकषाने आज त्यांचे वंशज शुद्ध अरबी मानले जातात.