लॅगचं गणित शंभर वर्षांपूर्वी मांडणारा माणूस : आग्नर अर्लांग

ऑनलाइन गेम ऐन रंगात आलेला असतो. एकाच मैदानात शे-दीडशे खेळाडू गोळा होतात आणि सगळंच अडखळायला लागतं. बटण दाबलं तरी पात्र जागचं हलत नाही. नेट स्लो आहे म्हणून पोरं वैतागतात. पण कित्येकदा नेट ठीक असतं, पलीकडच्या सर्व्हरपुढे कामांची रांग लागलेली असते. या रांगेचं गणित पहिल्यांदा नीट मांडलं ते डेन्मार्कच्या आग्नर क्रारूप अर्लांग यांनी. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. प्रश्न होता टेलिफोनचा.

अर्लांग यांचा जन्म 1 जानेवारी 1878 रोजी जटलँडमधल्या लोनबोर्ग या खेड्यात झाला. वडील गावच्या शाळेत मास्तर. मोठा भाऊ पुस्तक वाचत बसला की आग्नर समोर बसून तेच पुस्तक उलट्या बाजूने वाचायचे, असं त्यांच्या लहानपणाबद्दल सांगतात. वयाच्या चौदाव्या वर्षी, वय कमी म्हणून खास परवानगी काढून, त्यांनी कोपनहेगनला परीक्षा दिली आणि उत्तम गुणांनी पास झाले. दोन वर्षं वडिलांच्याच शाळेत शिकवलं. पुढे शिष्यवृत्तीवर कोपनहेगन विद्यापीठात गेले आणि 1901 मध्ये गणितात पदवी घेतली. त्यानंतरची सात वर्षं शाळामास्तरकीत गेली.

गणिताची ओढ मात्र सुटली नव्हती. डॅनिश गणित मंडळाच्या बैठकांत त्यांची गाठ योहान येन्सन यांच्याशी पडली. येन्सन हे कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंता आणि स्वतः नावाजलेले गणिती. त्यांच्यामुळे 1908 मध्ये अर्लांग कंपनीत आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

त्या काळी फोन लावायचा म्हणजे एक्स्चेंजमधल्या बाईला नंबर सांगायचा. ती हाताने तार जोडून देणार. लाइन मोकळी नसली की ताटकळत बसायचं. ट्रंक कॉल बुक करून तासन् तास वाट पाहिलेल्या आपल्याकडच्या मागच्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. कंपनीपुढे पेच असा, की लाइनी कमी टाकल्या तर लोक चिडतात, जास्त टाकल्या तर पैसा वाया जातो. मग टाकायच्या किती?

अर्लांग यांनी 1909 मध्ये दाखवून दिलं, की कोण कधी फोन करेल हे सांगता येत नसलं तरी हजारो लोकांचे फोन मिळून संभाव्यतेच्या ठरावीक नियमाने येतात. 1917 मध्ये त्यांनी सूत्रंच दिली. इतके फोन, इतक्या लाइनी, तर किती जणांना लाइन मिळणार नाही आणि किती वेळ थांबावं लागेल, हे कागदावर काढता येऊ लागलं. ब्रिटनच्या टपाल खात्याने ही सूत्रं वापरात आणली.

या सूत्रांतून निघणारी एक गोष्ट बघा. एका गावातून तासाला सरासरी तीन मिनिटांचे 20 फोन होतात, म्हणजे एक लाइन तासभर भरेल एवढं काम. शंभरातला फार तर एखादा फोन अडावा असं वाटत असेल तर त्या गावाला 5 लाइनी लागतात. अशा दहा गावांना वेगवेगळ्या दिल्या तर 50. पण दहाही गावांना मिळून सामाईक लाइनी ठेवल्या तर फक्त 18 पुरतात. सगळे एकाच क्षणी बोलत नाहीत, हे त्यामागचं साधं कारण.

माणूस निव्वळ टेबलावरचा नव्हता. तारांमधली गळती मोजायला ते कोपनहेगनच्या रस्त्यांवरच्या मॅनहोलमध्ये स्वतः उतरायचे, मागे शिडी घेतलेला कामगार. लग्न केलं नाही. पगार पुस्तकांवर आणि गरजूंवर खर्च व्हायचा, मदत मागायला लोक ऑफिसातही यायचे. जवळजवळ वीस वर्षं आजारपणाची रजा अशी नाही. 1929 च्या सुरुवातीला मात्र पोटाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात जावं लागलं आणि 3 फेब्रुवारीला त्यांचं निधन झालं. वय अवघं 51.

त्यांचे लेख मुळातून वाचता यावेत म्हणून अमेरिकेतल्या बेल लॅबमधला एक संशोधक डॅनिश शिकला. 1946 मध्ये टेलिफोनवरचा भार मोजायच्या एककाला अर्लांग हे नाव मिळालं. पुढे एरिक्सन कंपनीत तयार झालेल्या संगणक भाषेलाही तेच नाव पडलं. व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर आणि लीग ऑफ लेजेंड्स या गेममधलं चॅट याच भाषेवर उभं राहिलं.

लॅगकडे त्यांच्या नजरेनं पाहिलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. रांगेच्या शास्त्रातल्या सगळ्यात साध्या हिशेबात सर्व्हर निम्मा भरला तर कामाला दुप्पट वेळ लागतो, 90 टक्के भरला तर दहापट आणि 95 टक्क्यांवर वीसपट. म्हणजे शेवटची थोडी मोकळी जागाच लॅग रोखून धरते. त्यात प्रत्येकाची हालचाल बाकी सगळ्यांना कळवायची म्हटली, तर 10 खेळाडूंत एका वेळी 90 निरोप होतात, 100 खेळाडूंत 9,900. म्हणून चांगले गेम जवळच्याच खेळाडूंची खबर पाठवतात, जग तुकड्यांत वाटून वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवतात. ईव्ह ऑनलाइनमध्ये तर मोठी लढाई जुंपली की गेमचं घड्याळच हळू केलं जातं, पार दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे कुणाचाच डाव वाया जात नाही.

सर्व्हर दुसऱ्या खंडात असला तर अंतराचा उशीर राहणारच, तिथे अर्लांग यांचं सूत्रही काही करू शकत नाही. पण गर्दीमुळे होणारा उशीर नशिबावर सोडायची गरज नाही, तो आधी मोजता येतो आणि कमीही करता येतो. लोनबोर्गच्या मास्तरांच्या मुलाने हे शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलं.