विश्लेषण : भंडाऱ्याचा मिक्सर अमेरिकेत का चालत नाही? निकोला टेस्लाच्या आयुष्यात दडलंय उत्तर

परदेशी निघालेल्या मुलाच्या बॅगेत मसाले, लोणचं आणि मिक्सर हे ठरलेलंच. तुमसरचा माझा एक मित्र गेल्या वर्षी शिकागोला गेला, तेव्हा त्यानेही आईच्या आग्रहाखातर ७५० वॉटचा मिक्सर नेला. पिन बदलणारं अडॅप्टर लावलं, बटण फिरवलं, तर मिक्सर नुसता घुरघुरला. चटणी काही वाटली गेली नाही. रात्री व्हिडीओ कॉलवर प्रश्न आला : तू इंजिनिअर ना, कुठला कन्व्हर्टर घेऊ ते सांग.

आपल्या घरात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची वीज येते, तर अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची. हा फरक पडला कसा, हे समजून घ्यायचं तर एका अशा माणसाकडे जावं लागतं, जो स्वतःच एका यंत्राची कल्पना घेऊन अमेरिकेत गेला होता आणि त्याचंही यंत्र तिथल्या विजेवर नीट चालत नव्हतं. त्याचं नाव निकोला टेस्ला.

बागेत फिरताना सुचलेली मोटार

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ चा, आजच्या क्रोएशियातल्या स्मिल्यान गावातला. वडील धर्मगुरू होते. ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे तो इंजिनिअरिंग शिकला. त्या काळच्या मोटारी एकाच दिशेने वाहणाऱ्या, म्हणजे डीसी विजेवर चालत आणि त्यांच्या ब्रशमधून ठिणग्या उडत. ब्रशशिवाय मोटार करता येईल, असं टेस्लाने वर्गात सुचवलं, तेव्हा प्राध्यापकांनी ते अशक्य ठरवलं.

१८८२ मध्ये बुडापेस्टच्या बागेत फिरताना त्याला उत्तर सुचलं. उलटसुलट वाहणारे दोन एसी प्रवाह घ्यायचे, एक दुसऱ्याच्या थोडा मागे ठेवायचा, म्हणजे चुंबकत्वच गोल फिरू लागतं आणि मधल्या रोटरला सोबत ओढतं. लाखांदूर-पवनीकडे उन्हाळी धानाला पाणी देणारी थ्री फेज मोटार याच तत्त्वावर चालते. दोन फेज अदलाबदल केले की मोटार उलटी फिरते, हे गावातल्या वायरमनला पाठ असतं. (इटलीच्या गॅलिलिओ फेरारिस यांनाही हे तत्त्व स्वतंत्रपणे सापडलं होतं.)

जून १८८४ मध्ये टेस्ला न्यू यॉर्कला उतरला आणि एडिसनच्या कारखान्यात लागला. एडिसनचा सगळा धंदा डीसीचा होता. काही महिन्यांतच टेस्ला तिथून बाहेर पडला. पुढची कंपनीही हातातून गेली आणि १८८६ मध्ये त्याने पोटासाठी खड्डे खणण्याचं काम केलं. मे १८८८ मध्ये त्याला मोटारीचे पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी ते कराराने घेतले.

पिट्सबर्गमध्ये गाडं अडलं

खरी अडचण इथून सुरू झाली आणि आपल्या मिक्सरची गोष्टही इथूनच. वेस्टिंगहाऊसची एसी वीज सेकंदाला सुमारे १३३ आवर्तनांची होती. ती दिव्यांसाठी आखलेली होती. आवर्तनं जास्त असली की दिवा लुकलुकत नाही आणि ट्रान्सफॉर्मर लहान होतो. पण टेस्लाच्या मोटारीचा वेग आवर्तनांवरच ठरतो. दोन पोलच्या मोटारीत ५० हर्ट्झला चुंबकत्व मिनिटाला ३,००० फेरे घेतं आणि १३३ ला जवळपास ८,०००. गिरणीच्या पट्ट्याला असला वेग कसा झेपणार? शिवाय मोटारीला जास्त तारा लागत आणि तिथली वीज दोन तारांवर पोहोचत होती.

टेस्ला पिट्सबर्गला राहिला, तिथल्या इंजिनिअरांशी त्याचे खटके उडाले. मोटार ६० च्या आसपास उत्तम चालायची, पण बसवलेली सगळी यंत्रणा बदलायला कोण तयार होणार? १८८९ मध्ये तो न्यू यॉर्कला परतला. पुढे वेस्टिंगहाऊसचे इंजिनिअर स्वतःच ६० वर आले. मोटारीला कन्व्हर्टर मिळाला नाही, पण देशाची वीज मात्र बदलली. माझ्या मते टेस्लाच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा विजय. दुर्दैवाने व्हिडीओंमध्ये फक्त त्याच्या कृत्रिम विजा दिसतात.

१८९३ च्या शिकागो प्रदर्शनात वेस्टिंगहाऊसच्या एसीने दिवे उजळले. नोव्हेंबर १८९६ मध्ये नायगाऱ्याची वीज बफेलो शहरात पोहोचली.

मग आपल्याकडे २३० आणि ५० कुठून आले?

जर्मनीतल्या एईजी कंपनीने ५० हर्ट्झ धरले आणि युरोपात तेच रुळले. अमेरिकेतले ११० व्होल्ट एडिसनच्या दिव्यांमुळे आले आणि हळूहळू १२० झाले. बर्लिनच्या वीज कंपनीने मात्र १८९९ मध्ये २२० चा निर्णय घेतला. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढ्याच कामाला निम्मा करंट लागतो आणि तांबं वाचतं. आपली वीज ब्रिटिशांच्या काळात आली, ती युरोपच्या वाटेने. जपानने दोघांकडून यंत्रं घेतली, म्हणून टोकियोत आजही ५० हर्ट्झ आहे आणि ओसाकात ६०.

कन्व्हर्टर घेताना काय पाहायचं?

शेताजवळची डीपी ११ हजार व्होल्ट उतरवून देते. अमेरिकेत आपल्या मिक्सरला उलटं काम करणारी छोटी डीपी लागते, म्हणजे १२० चे २३० करणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर. मोटार सुरू होताना जास्त करंट ओढते, म्हणून ७५० वॉटच्या मिक्सरला दीड हजार वॉटचा घ्यावा. तो काही किलो वजनाचा असतो. हलक्या, स्वस्त कन्व्हर्टरपैकी बरेचसे फक्त तापणाऱ्या वस्तूंसाठी असतात, त्यांवर टीव्ही वगैरे लावू नये.

ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. मिक्सरची मोटार ब्रशवाली असल्याने तिला हर्ट्झचा फरक जाणवत नाही. टेबल फॅन मात्र टेस्लाच्या जातीचा, तो ६० हर्ट्झवर जवळपास २० टक्के जोरात फिरू पाहतो. आपला ७०० वॉटचा राइस कुकर तिथे थेट लावला तर जेमतेम १९० वॉट देतो, भात काही शिजत नाही. तिकडचा कुकर इथे थेट लावला, तर तो जळतो. चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलेलं असेल तर नुसती पिन बदलून भागतं. दुबईला किंवा जर्मनीला जाणाऱ्यांना तर ही डोकेदुखीच नाही.

मित्राला मी सांगितलं की ११० व्होल्टचा मिक्सर विकत घे, भारतीय बनावटीचेही मिळतात. त्याने तरीही ट्रान्सफॉर्मरच घेतला, कारण आईने दिलेला मिक्सर टाकवेना.

टेस्लाचं पुढे काय झालं?

वेस्टिंगहाऊस अडचणीत असताना त्याने रॉयल्टीवर पाणी सोडलं. १८९५ मध्ये प्रयोगशाळा आगीत गेली. बिनतारी वीज पोहोचवण्यासाठी उभारलेला मनोरा पैशांअभावी अर्धवट राहिला. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यू यॉर्कर हॉटेलच्या ३३२७ क्रमांकाच्या खोलीत तो एकटाच वारला. १९५० च्या दशकात त्याची कागदपत्रं, यंत्रं आणि अस्थी बेलग्रेडला नेण्यात आल्या. तिथल्या संग्रहालयाच्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये आज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज आहे, भंडाऱ्यासारखीच.